तिथं रुमाल चालत नाही

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बसस्टँडवर जागा मिळवायची एकच रीत होती आणि ती सगळ्यांना मान्य होती. बस मागे घेऊन लावत असतानाच तिच्या बाजूने धावायचं आणि उघड्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा तुमची. मग तुम्ही निवांत चहा पिऊन या, पेरू घेऊन या, वाटल्यास कंडक्टरशी भांडून या. आमच्या गावात बांधावरून भाऊ भावाला कोर्टात खेचायचा, पण दुसऱ्याचा रुमाल सरकवून बसलेला माणूस मी पाहिला नाही. एकदा परगावच्या एका साहेबाने तसं केलं, तर अख्खी बस त्याच्याकडे अशी बघू लागली की तो भरवेली येईपर्यंत उभाच राहिला.

टाकणारा आणि बसणारा एकच असला पाहिजे, असंही काही नव्हतं. एकाने टाकावा, दुसऱ्याने बसावं. ज्याच्यासाठी टाकला तो त्या वेळी घरी अंघोळ करत असला तरी चालायचं. त्याला कोणत्या बसमध्ये जागा धरली आहे हे ठाऊक नसलं तरी चालायचं.

माझ्या आईला हे जमायचं नाही. तिचा नेम वाईट होता. एकदा तिचा रुमाल ड्रायव्हरच्या डोक्यावर पडला आणि त्याने तो घाम पुसायला ठेवून घेतला. त्यामुळे आमच्यासाठी रुमाल टाकायच्या त्या सिस्टरबाई.

सिस्टरबाई आमच्या शेजारच्या घरात भाड्याने राहायच्या. दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होत्या. ख्रिस्ती, मूळच्या अमरावतीकडच्या, उंच, एकट्या, आणि हाताला कायम कार्बोलिक साबणाचा वास. बाबांना राखी बांधायच्या, म्हणून बाबा त्यांचे 'भाऊ' आणि आई 'वहिनी'. नाताळात त्यांच्याकडून आमच्याकडे करंज्या यायच्या, दिवाळीत आमच्याकडून त्यांच्याकडे. करंज्या दोन्ही वेळा दोघींनी मिळूनच केलेल्या असायच्या, पण ताट झाकून आणायचा सोपस्कार दोघी पाळायच्या.

उकव्याला माझी मावशी होती. मावसोबा तिथे मँगनीजच्या खाणीत होते. त्याच कॉलनीत सिस्टरबाईंची अधूनमधून प्रार्थना असायची, म्हणून आई, मी आणि सिस्टरबाई मिळून जायचो. मी तेव्हा शाळेत होते. अशाच एका फेरीत आईने सीटवरचा रुमाल उचलून घडी घातली, सिस्टरबाईंना परत दिला आणि सहज म्हणाली, "सिस्टरबाई, तुमी पहिले जासान तर वरतं बी असाच रुमाल टाकजा माह्यासाठी. मले तिथं बी नेम जमनार नाही."

मी हसले. सिस्टरबाई हसल्या नाहीत. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"तिथं रुमाल चालत नाही, वहिनी," त्या म्हणाल्या.

घाट लागला तरी त्या रडतच होत्या. आईला वाटलं त्यांना बस लागली. तिने आवळा सुपारी पुढे केली. सिस्टरबाईंनी सुपारी तोंडात टाकली आणि सुपारी चघळत रडत राहिल्या.

मावशीकडे पोचल्यावर उलगडा झाला. त्यांच्या धर्मात तारण मिळतं, म्हणजे माणूस कायमचा सुटून प्रभूकडे जातो, पण ते विश्वास धरणाऱ्याला. रुमाल टाकून, ओळख सांगून, शेजारी होतो असं म्हणून कोणी आत जात नाही. ज्याने त्याने आपला विश्वास घेऊन यायचं. ही गोष्ट त्या कित्येक वर्षं मनात धरून आमच्याकडे चहा पीत होत्या.

"तुमी कोनीच तिथं नसान," त्या म्हणाल्या. "मी एकटी काय करू तिथं?"

मला त्यांचा राग आला. आम्ही काय केलं होतं? पण आईला राग आला नाही, ती विचारात पडली. सिस्टरबाई एकट्या पडतील हे तिला अजिबात पटत नव्हतं. त्यांना भात मऊ लागायचा आणि तिथे तो कोण करून देणार, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

घरी आल्यावर प्रकरण बाबांसमोर गेलं. बाबा कोर्टात रीडर होते, म्हणजे न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसून लोकांना पुढची तारीख सांगायचे. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं, पण मुद्दा दिसला की त्यांना राहवायचं नाही. त्यांनी ओसरीवर खुर्च्या मांडल्या.

"पहिले शब्दाचं पाहू," ते म्हणाले. "तारन म्हंजे गहान ठेवलेली वस्तू. कर्जासाठी जमीन तारन ठेवते मानूस. तुमी काय ठेवता?"

"स्वतःले," सिस्टरबाई म्हणाल्या.

बाबांना हे उत्तर आवडलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. "बरं. तुमचा प्रभू आपल्यासाठी उभा राह्यला म्हनता. म्हंजे तो जमानतदार. हौ ना?"

"हौ, भाऊ."

"मंग आरोपीचा जमानतदारावर विश्वास पाह्यजे, हे कोन्त्या कायद्यात हाये? आमच्या कोर्टात अर्धे आरोपी जमानतदाराले ओळखत बी नाही. भाईर आल्यावर इचारते, हे कोन होते म्हनून. तरी सुटते ना?"

सिस्टरबाईंनी पदराला हात पुसले. हात ओले नव्हते, तरी पुसले. "सुटते. पन जमानत मंजूर झाली, दार उघडलं, अन् आरोपी म्हने मले खरं वाटत नाही, मी भाईर येत नाही, त्याले तुमी काय करता?"

बाबांनी आयुष्यभर जे अनेकांना सांगितलं होतं तेच त्या दिवशी स्वतःला सांगितलं. म्हणाले, यावर पुढच्या वेळी पाहू. असा आरोपी त्यांना मिळाला नव्हता. पुढे कितीतरी दिवस ते कोर्टातून आले की आई विचारायची, "आला का कोनी, भाईर न येनारा?" आणि बाबा निराश होऊन नाही म्हणायचे.

मग आईने ठरवलं की वाद घालण्यापेक्षा विश्वासच ठेवून टाकावा. पापड लाटायला बसावं तशी ती पदर खोचून कामाला लागली. आधी तिला हे फार सोपं वाटलं होतं.

"तुमी प्रभूले मानता का?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"मानते ना," आई म्हणाली.

ती खरंच मानायची. ती गणपतीला मानायची, दर्ग्यातल्या बाबांना मानायची, वैनगंगेला मानायची, आणि बाजाराच्या वाटेवरच्या ज्या विजेच्या खांबाला कोणीतरी शेंदूर फासला होता, त्यालाही जाता-येता हात जोडायची. एक माझे बाबा सोडले तर ती सगळ्यांना मानायची.

"मानने वेगळं अन् विश्वास वेगळा," सिस्टरबाई म्हणाल्या.

"कसा वेगळा? तुमी ह्याईले भाऊ मानलं. तो भाऊ खरा का खोटा?"

"खरा."

"मंग?"

यावर सिस्टरबाईंनी आपल्या चर्चच्या पाद्रीसाहेबांना चहाला बोलावलं. पाद्रीसाहेब हिंदी बोलायचे. तारण हा शब्द त्यांच्याकडे नव्हता, ते उद्धार म्हणायचे. समोर बसलेल्या आईला त्यांनी अगदी मायेने विचारलं, "बहनजी, आपका उद्धार हुआ है?"

आमच्या घरात उद्धार एकाच तऱ्हेने व्हायचा. आई संकोचून म्हणाली, "हौ जी. सास थी तब तक रोज होता था. सात पीढ़ियों का."

पाद्रीसाहेबांचा चेहरा उजळला. असं घर या गावात आहे आणि आपल्याला माहीत नाही! त्यांनी डोळे मिटून त्या थोर सासूसाठी प्रभूचे आभार मानले, बराच वेळ, आणि आई हात जोडून ते सगळं ऐकत बसली. आजीबद्दल आईच्या देखत कोणी इतकं चांगलं बोलल्याचं ते पहिलं आणि शेवटचं. सिस्टरबाई तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या.

त्यानंतर शिकवणी सुरू झाली. दुपारी ड्यूटीवरून आल्या की सिस्टरबाई आईला आपल्या ओसरीवर बसवायच्या, डोळे मिटायला लावायच्या आणि मन उघडं ठेवायला सांगायच्या. थोड्या वेळाने विचारायच्या, "काही येऊन राह्यलं का, वहिनी?"

"झोप येऊन राह्यली," आई सांगायची.

बाबा कंटाळले. म्हणाले, एवढा त्रास काहून घेते, म्हणून टाक की विश्वास हाये, तोंडी बयान चालते. आई भडकली. नसताना हाये कसं म्हणू? देवासमोर खोटं? बाबांनी विचारलं, कोणत्या देवासमोर? म्हणाली, त्याच्याच, सिस्टरबाईच्या प्रभूसमोर. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यासमोर खोटं बोलायची तिला भीती वाटत होती. बाबा म्हणाले, अगं, मग हाच तो विश्वास. सिस्टरबाईंना हाक मारून विचारलं. त्यांनी भिंतीपलीकडून सांगितलं, हा नव्हे.

एक दिवस आईचा धीर सुटला. तांदूळ निवडता निवडता तिने सूप खाली ठेवलं.

"सिस्टरबाई, एक सांगा. ही पोट्टी," म्हणजे मी, "पायाळू होती. पाय पहिले आले. तुमी माह्या उरावर बसून तिले काढलं. दोघी बी मरत होतो आमी. तवा तुमी मले इचारलं होतं का, तुमचा माह्यावर विश्वास हाये का म्हनून?"

"नाही."

"मी तर तुमाले शिव्या देत होती."

"लय घान घान देत होत्या," सिस्टरबाई म्हणाल्या.

"तरी काढलं ना?"

"मी काई देव नाही, वहिनी."

"तेच म्हनते मी. तुमी देव नसून एवढं केलं."

सिस्टरबाईंनी सूप ओढून तांदूळ निवडायला घेतले. त्यांना काही वेगळं दिसायला लागलं असं मी म्हणणार नाही, कारण संध्याकाळी जाताना त्या पुन्हा म्हणाल्या की शास्त्रात आहे ते आहे. पण शिकवणी बंद झाली. त्या आमच्यासाठी रोज प्रार्थना करत राहिल्या आणि बसमध्ये रुमाल टाकत राहिल्या. वर काय होईल ते होवो, उकव्यापर्यंत तरी आमची सोय होती.

अशी बरीच वर्षं गेली. मी कॉलेजात जायला लागले. सिस्टरबाईंचे केस पांढरे झाले आणि पायांवर सूज यायला लागली, तरी ड्यूटी चालू होती. एका दुपारी त्या आमच्याकडे आल्या आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"वहिनी, माहा विश्वास गेला."

आईला वाटलं कोणीतरी दगा दिला. "कोनावरचा?"

"प्रभूवरचा."

"काय झालं? कोनी गेलं का वॉर्डात?"

"काईच नाही झालं. सकाळी उठली, तोंड धुतलं, गुडघे टेकले, अन् समोर कोनीच नव्हतं. रोज असते. आज नव्हतं."

आईने त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि घरात काही हरवलं की ती जे नेहमी विचारायची तेच विचारलं. "शेवटचा कवा पाह्यला होता?"

सिस्टरबाईंनी खरंच आठवून पाहिलं. रविवारी होता. सोमवारी कपडे धुताना गाणं म्हटलं तेव्हाही होता. मंगळवारचं सांगता येत नव्हतं. मी भाजी चिरत ऐकत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. पण त्या दोघींचे चेहरे पाहिले आणि हसू गेलं. चावी हरवल्यासारख्या त्या दोघी सगळा आठवडा झाडून काढत होत्या. आई तर म्हणाली, होते असं कधीकधी, शोधनं सोडलं का सापडते. शेवटी तिने त्यांना ओसरीवर नेलं, डोळे मिटायला लावले आणि समोर बसून राहिली.

"काही येऊन राह्यलं का?"

"झोप," सिस्टरबाई म्हणाल्या, आणि दोघी एकदम हसायला लागल्या. मग सिस्टरबाई रडल्या.

त्या दिवशी आई घाबरली. इतकी वर्षं तिला वाटायचं, आपला विश्वास नसला तरी भिंतीपलीकडे एक माणूस आहे ज्याचा आहे, काही ना काही होईल. आता रुमाल टाकणारंच कोणी उरलं नव्हतं. आणि त्यांच्याच नियमाप्रमाणे आता सिस्टरबाईही बाहेरच राहणार होत्या. या वेळी बाबांनी ओसरीवर खुर्च्या मांडल्या नाहीत. त्यांनाही वाईट वाटलं होतं.

सिस्टरबाईंनी चर्चला जाणं सोडलं. म्हणायच्या, रिकाम्या हाताने कशी जाऊ. तिथे बायकांच्या बाजूला, खिडकीजवळच्या बाकावर त्यांची ठरलेली जागा होती. आईला त्या जागेची काळजी लागली. जागा रिकामी राहिली तर कोणीतरी बसेल, आणि एकदा बसलं की उठवता येत नाही. म्हणून तिने सिस्टरबाईंचा रुमाल मागून घेतला, पांढरा, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं फूल असलेला, आणि रविवारी कपाळाला कुंकू लावून, अंबाडा घालून, माझी माय चर्चला गेली. सोबत मलाही नेलं.

तिने बाकावर रुमाल पसरला आणि त्याच्या शेजारी बसली. गाण्याला चुकीच्या जागी टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना पाद्रीसाहेबांनी तिचे हात हातात घेतले. "बहनजी, आप विश्वास में आ गईं?"

"नहीं जी," आई म्हणाली. "मैं तो जगह पकड़ने आई."

ती दर रविवारी जात राहिली. गल्लीत बोलणं सुरू झालं की रीडरबाई बाटल्या. बाबांना कोर्टात एका वकिलाने विचारलंही. बाबा म्हणाले, बाटली नाही, जागा धरून राह्यली. वकिलाला ते लगेच समजलं. नाताळात चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, भरवेलीपासून माणसं आली होती, बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या, पण त्या रुमालावर कोणी बसलं नाही. शेवटी तीही बालाघाटचीच माणसं.

दुपारी सिस्टरबाई विचारायच्या, आज काय सांगितलं. आई जे सांगायची त्यात सगळा गोंधळ असायचा, कोणी कोणाला मारलं, कोण कोणाचा भाऊ, सगळं उलटसुलट. सिस्टरबाई पडल्या पडल्या दुरुस्त करायच्या. विश्वास गेला होता, पण माहिती सगळी शाबूत होती.

मग त्यांची सूज वाढली आणि त्यांना त्यांच्याच दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथेही त्या नव्या पोरींना सलाईन नीट लाव म्हणून रागवायच्या. आई डब्यात मऊ भात घेऊन जायची. एकदा माझ्यासमोरच त्यांनी आईचा हात धरला.

"वहिनी, मी तिथं गेली अन् कोनीच नसलं तर?"

"तर वापस या," आई म्हणाली. "संध्याकाळची गाडी राह्यतेच ना."

सिस्टरबाईंनी मान हलवली. त्यांना ते पटल्यासारखं वाटलं.

हिवाळ्यात, सकाळी, आई भाताचा डबा उघडत असताना त्या गेल्या.

दफनाच्या दिवशी पाद्रीसाहेब आईजवळ आले. अमरावतीकडचं कोणी पोचू शकलं नव्हतं, विचारायला आईच होती. त्यांनी हळूच विचारलं, "बहनजी, अंत तक विश्वास था न उनका?"

स्वतःच्या स्वर्गासाठी जी बाई एक खोटं वाक्य बोलायला तयार झाली नव्हती, ती तत्काळ म्हणाली, "हौ जी. पक्का था."

मग पेटीचं झाकण लावायच्या आधी ती पुढे झाली. कमरेला खोचलेला पांढरा रुमाल तिने काढला आणि सिस्टरबाईंच्या हातात नीट, बोटं मिटवून, ठेवला. वाकून म्हणाली, "पोचल्यावर टाकजा." मंडळीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने तिला अडवायला हात पुढे केला. पाद्रीसाहेबांनी त्यांचा हात धरला आणि राहू द्या म्हणाले. तो रुमाल त्यांनी बाकावर कितीतरी रविवार पाहिला होता.

परत येताना आम्ही तिघं पायी निघालो. मी रडत होते. आई रडत नव्हती, भरभर चालत होती. बाबांचा एक मुद्दा राहिला होता आणि मुद्दा राहिला की त्यांना राहवायचं नाही.

"पन त्याईचा तर विश्वास उडाला होता ना," ते म्हणाले. "तुलेच सांगतलं होतं."

"सिस्टरबाईचा उडाला होता," आई म्हणाली. "प्रभूचा थोडी उडाला होता सिस्टरबाईवरचा."

बाबा थांबले. मग दोन ढांगा टाकून त्यांनी तिला गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, "अन् तुहं कसं?"

"मले काय," आई म्हणाली. "माहा रुमाल गेला पुढं."